अमेरिकेत प्रायव्हेट पायलट लायसन्स: आधी काय, नंतर काय

नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी विमान शिकणारी मराठी मंडळी अमेरिकेत आता बरीच दिसतात. त्यातल्या अनेकांचं घोडं मध्येच अडतं, आणि विमान चालवता येत नाही हे कारण क्वचितच असतं. कोणी आधी पैसे भरतो आणि मेडिकल नंतर करतो. कोणाचे तास पुरेसे होतात, पण नियमाला हवे तसे नसतात. कोणी सगळं संपल्यावर परीक्षक शोधायला लागतो. पुढचा क्रम एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या, ‘पार्ट ६१’ या नियमांखाली, एका इंजिनाच्या छोट्या विमानावर शिकणाऱ्यांसाठी आहे.

किमान अटी थोडक्यात: एकट्याने उडायला वय १६ पूर्ण, परवान्याला १७. इंग्रजी वाचता, लिहिता, बोलता आणि समजता आलं पाहिजे. एकूण किमान ४० तास उड्डाण, त्यात २० तास प्रशिक्षकाबरोबर आणि १० तास एकट्याने. चाळिसात क्वचितच कोणाचं संपतं. आठवड्यातून एकदाच जाणाऱ्याने ६० ते ७५ तास धरून चालावं.

टप्पा १: पैसे भरण्याआधी मेडिकल

हौशी वैमानिकाला थर्ड क्लास मेडिकल पुरतं. चाळिशीच्या आत असाल तर ते ६० महिने चालतं, चाळिशी ओलांडल्यावर २४ महिने. तपासणी एफएएने नेमलेला डॉक्टर करतो. त्याला एएमई म्हणतात. तुमचा नेहमीचा फॅमिली डॉक्टर चालत नाही.

१. मेडएक्सप्रेस या संकेतस्थळावरचा फॉर्म आधी नुसता वाचून काढा. पूर्वी झालेल्या आजारांचे प्रश्न ‘आयुष्यात कधीही’ अशा अर्थाचे आहेत. डॉक्टरांच्या भेटींचा प्रश्न गेल्या तीन वर्षांचा आहे आणि त्यात सुट्टीत पुण्याला जाऊन दाखवलेला डॉक्टरही येतो.

२. रक्तदाब, मधुमेह, मानसोपचार, लहानपणी आलेली फिट, झोपेत श्वास अडकणं, यातलं काही असेल तर फॉर्म पूर्ण करण्याआधी एएमईकडे फक्त सल्ल्यासाठी वेळ घ्या. वेळ घेताना ‘तपासणी नको, सल्ला हवा’ असं स्पष्ट सांगा.

३. औषधांची यादी करा. वसंतात परागकणांनी शिंका सुरू झाल्या की अनेक जण सेटिरिझिन घेतात. ते उड्डाणाला चालत नाही. लोराटाडिन आणि फेक्सोफेनाडिन चालतात, पण त्यांनी गुंगी येत नाही हे आधी जमिनीवर पाहून घ्या. मधुमेह नुसत्या पथ्यावर ताब्यात असेल तर गोष्ट सोपी असते. गोळी सुरू असेल तर विशेष मंजुरी लागते आणि तिला महिने लागू शकतात.

४. मगच फॉर्म भरून पुष्टी क्रमांक घ्या आणि ६० दिवसांच्या आत तपासणीला जा. नाहीतर फॉर्म पुसला जातो.

दृष्टी प्रत्येक डोळ्याची दूर आणि जवळ २०/४० हवी, चष्म्यासह चालते. रक्तदाबाची वरची मर्यादा १५५/९५ आहे. २०२५ पासून पहिल्यांदा येणाऱ्यांची रंगदृष्टी संगणकावर तपासतात. ठिपक्यांच्या जुन्या पुस्तकात पास झालो होतो, या भरवशावर राहू नका.

सावधान: डॉक्टरने तुमचा क्रमांक घालून फॉर्म उघडला की अर्ज दाखल झाला. तो मागे घेता येत नाही. आणि शेवटचा मेडिकल अर्ज नाकारला गेला असेल, तर ड्रायव्हिंग लायसन्सच्या आधारावर स्पोर्ट पायलट (कमी अधिकारांचा परवाना) होण्याची वाटही बंद होते. म्हणून शंका असलेल्या माणसाने सल्ला आधी घ्यायचा. माहिती लपवणं हा मात्र उपाय नाही, तो केंद्रीय गुन्हा आहे.

टप्पा २: नाव, कागद आणि टीएसए

अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या प्रत्येकाला, म्हणजे ग्रीनकार्डवाल्यालाही, प्रशिक्षण सुरू करण्याआधी टीएसएची, म्हणजे वाहतूक सुरक्षा खात्याची, मंजुरी लागते. अर्ज, कागदपत्रं, बोटांचे ठसे आणि मग वाट पाहणं. नागरिक असाल तर पासपोर्ट दाखवून लॉगबुकात प्रशिक्षकाची नोंद करून घेतली की झालं.

आपल्या लोकांचं इथे हमखास अडतं ते नावावर. भारतीय पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. अमेरिकन ड्रायव्हिंग लायसन्सवर वडिलांचं नाव कधी मधलं नाव होतं, कधी पहिल्याला चिकटतं, कधी गळूनच पडतं. मग टीएसएचा अर्ज एका नावाने, मेडिकल दुसऱ्या, लेखी परीक्षेचं ओळखपत्र तिसऱ्या. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील किंवा लग्नानंतर एकाच कागदावर बदल झाला असेल तर आणखी गोंधळ.

१. पासपोर्ट आणि ड्रायव्हिंग लायसन्स शेजारी ठेवून पाहा. फरक असेल तर आधी लायसन्स दुरुस्त करा.

२. तेच नाव, त्याच क्रमाने, चार ठिकाणी वापरा: टीएसए, मेडएक्सप्रेस, आयाक्रा आणि लेखी परीक्षेची नोंदणी.

३. आयाक्रा हे एफएएचं अर्जाचं संकेतस्थळ. तिथे खातं उघडलं की एफटीएन नावाचा क्रमांक मिळतो. तो जन्मभराचा. पासवर्ड विसरला म्हणून दुसरं खातं उघडू नका, नंतर दोन्ही एकत्र करताना नाकी नऊ येतात.

४. स्टुडंट पायलट सर्टिफिकेटचा अर्ज आयाक्रावर भरा. प्रशिक्षक ओळख पटवून तो पुढे पाठवतो. ते हातात आल्याशिवाय एकट्याने उडता येत नाही. अनेक जण पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकट्याने उडण्याच्या, आठवड्यात हा अर्ज करतात आणि तयार असूनही जमिनीवर बसून राहतात. पहिल्या-दुसऱ्या धड्यालाच करून टाका.

मंजुरी येईपर्यंत काय करायचं? एखादं डिस्कव्हरी फ्लाइट, म्हणजे ओळखीपुरतं एक उड्डाण, घेता येतं. ती शाळेची जाहिरात समजली जाते, प्रशिक्षण नाही. पुस्तकी अभ्यासही सुरू करा. पाहुणा म्हणून आलेल्या भाच्याला मात्र पर्यटक व्हिसावर परवान्याचा अभ्यासक्रम घेता येत नाही. तुम्ही स्वतः कामाच्या व्हिसावर असाल तर इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या.

टप्पा ३: शाळा आणि पैसे

शाळा निवडताना विमानं किती चकचकीत आहेत हे पाहू नका. चार प्रश्न विचारा. माझ्या वेळेला विमान रिकामं असतं का? प्रशिक्षक वर्षभर तरी इथे आहे का, की विमान कंपनीत जायच्या वाटेवर तास जमवतोय? एकाच प्रकारची किमान दोन विमानं आहेत का? एक दुरुस्तीला गेलं की काय करता? शेवटच्या प्रश्नावर उत्तर घुटमळलं तर समजून जा.

दरात इंधन धरलंय का आणि तास कोणत्या मीटरवर मोजतात, हे लिहून घ्या. हॉब्स मीटर साधारणपणे इंजिन चालू असेपर्यंत फिरतो. टॅक मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे जमिनीवर रखडताना तो सावकाश पुढे जातो. नुसता दर बघून दोन शाळांची तुलना केली तर फसगत होते.

सावधान: संपूर्ण अभ्यासक्रमाचे पैसे आगाऊ भरू नका, सवलत कितीही असो. शाळा बंद पडली तर ते परत मिळवणं कठीण. पाच-सहा धड्यांपुरते भरा. मात्र पूर्ण खर्च बँकेत तयार असल्याशिवाय सुरुवातही करू नका. पैसे जमवायला मध्ये चार महिने थांबलात, की शिकलेलं पुन्हा शिकण्यातच पुढचे कित्येक तास जातात.

आठवड्यातून दोन धडे हे खरं किमान. वेळ ठरवताना हवा बघा: सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या काठी उन्हाळ्यात सकाळी समुद्राचे खालचे ढग बसतात, फीनिक्सला दुपारी उष्णतेने विमान उचलत नाही, सिअॅटलला हिवाळ्यात आठवडे कोरडे जातात, म्हणजे धड्यांच्या दृष्टीने, पाऊस भरपूर असतो.

टप्पा ४: लेखी परीक्षा सोलोच्या आसपास उरका

६० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के, निकाल २४ कॅलेंडर महिने ग्राह्य. बसायला प्रशिक्षकाची किंवा ऑनलाइन ग्राउंड स्कूलची लेखी शिफारस लागते. आपली मंडळी परीक्षेत हुशार, म्हणून प्रश्नसंच पाठ करून ९५ मिळवतात आणि तोंडी परीक्षेत तेच ‘का’ विचारल्यावर गप्प होतात. चुकलेल्या प्रश्नांचे विषय निकालपत्रावर छापून येतात. त्यांची उजळणी करून प्रशिक्षकाची सही लॉगबुकात घ्यावी लागते. निकालपत्र हरवू नका, चेकराइडला, म्हणजे परवान्याच्या शेवटच्या परीक्षेला, लागतं.

वाऱ्याबाबतची एक बारीक चूक इथेही होते आणि पुढे आकाशातही. लिखित हवामान अहवालात आणि उंचीवरच्या वाऱ्याच्या अंदाजात दिशा खऱ्या उत्तरेवरून असते. कंट्रोल टॉवर आणि एटिस (विमानतळाची रेडिओवरची ध्वनिमुद्रित माहिती) जी दिशा तोंडाने सांगतात ती चुंबकीय. रनवेचा आकडाही चुंबकीय. दोन्हींची सरमिसळ केली की आडव्या वाऱ्याचा हिशेब चुकतो.

टप्पा ५: सोलोपर्यंत

सगळ्यात जास्त तास खातं ते लँडिंग, म्हणून इथे जरा थांबू. आकडे सेसना १७२एसचे आहेत. तुमच्या विमानाचे त्याच्या पुस्तिकेतून घ्या.

१. सर्किटची, म्हणजे रनवेभोवतीच्या ठरलेल्या फेरीची, उंची साधारणपणे जमिनीपासून १,००० फूट. रनवेचं टोक बाजूला आलं की पॉवर सुमारे १,५०० आरपीएमवर, फ्लॅपचा (पंखामागच्या झडपेचा) पहिला टप्पा. वेग ८५ नॉट, बेसवर (रनवेला काटकोनातल्या टप्प्यावर) ७५, फायनलवर (रनवेसमोरच्या शेवटच्या टप्प्यावर) ६५. प्रत्येक बदलानंतर ट्रिम (हातावरचा ताण काढणारी योजना) लावा. हात दुखत असेल तर ट्रिम लागलेली नाही.

२. रनवेवरचा एक ठिपका धरा. तो काचेत वर सरकतोय तर तुम्ही आखूड पडताय, खाली सरकतोय तर लांब जाताय. जागच्या जागी राहिला तर बरोबर.

३. ६५ च्या जागी ७५ ने आलात तर विमान बसत नाही, रनवेवर तरंगत राहतं. मग शिकाऊ माणूस नाक खाली दाबतो, पुढचं चाक आधी टेकतं आणि विमान उसळ्या मारतं. उपाय फ्लेअरमध्ये, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलण्यात, नाही, फायनलवरच्या वेगात आहे.

४. फ्लेअर सुरू करताना नजर रनवेच्या दूरच्या टोकाला न्या. नाकासमोरची जमीन बघणाऱ्याला उंचीचा अंदाज येत नाही.

५. ३०० फुटांवर वेग, रेषा किंवा उतार यातलं काहीही बिघडलेलं असेल तर गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर. पूर्ण थ्रॉटल, फ्लॅप २० अंशांवर, वेग ६०, वर चढायला लागल्यावर उरलेले फ्लॅप टप्प्याटप्प्याने. सगळे फ्लॅप एकदम उचलले तर विमान खाली बसतं.

सावधान: बेसवरून फायनलला वळताना रनवेची रेषा ओलांडली तर पायाने रडर दाबून नाक ओढू नका. कमी वेगात, आतल्या बाजूला जास्त रडर देऊन स्टॉल झाला, म्हणजे पंखांची उचल गेली, तर विमान गिरकी घेतं, आणि तिथून सावरायला उंची नसते. रेषा ओलांडली की गो-अराउंड.

रेडिओवर आपला घोटाळा इंग्रजीचा नसतो, वेगाचा असतो. कोणाला बोलावताय, तुम्ही कोण, कुठे, काय हवंय, एवढ्याच क्रमाने आणि सावकाश बोला. पहिल्या हाकेला ‘स्टुडंट पायलट’ जोडा, कंट्रोलर आपोआप हळू होतो. समजलं नाही तर ‘से अगेन’. अंदाजाने ‘रॉजर’ म्हणणं सगळ्यात वाईट. ‘होल्ड शॉर्ट’ची सूचना विमानाच्या नावासह परत म्हणून दाखवावीच लागते. टॉवर असलेल्या क्लास डी हद्दीत शिरायला कंट्रोलरने तुमच्या विमानाचं नाव उच्चारलेलं पुरतं. क्लास बी मध्ये, म्हणजे सगळ्यात मोठ्या विमानतळांभोवतीच्या हद्दीत, मात्र स्पष्ट परवानगीचे शब्द कानावर यायलाच हवेत, शिवाय एकट्या विद्यार्थ्याला तिथे प्रशिक्षकाची वेगळी लेखी मंजुरी लागते.

सोलोआधी तपासा: प्रशिक्षकाने घेतलेली लेखी चाचणी झाली. सोलोची मंजुरी त्याच प्रकारच्या विमानासाठी आहे आणि ९० दिवसांच्या आतली आहे. मेडिकल, स्टुडंट सर्टिफिकेट आणि फोटो ओळखपत्र खिशात आहेत.

टप्पा ६: तासांचा हिशेब

बऱ्याच चेकराइड इथे अडतात. परीक्षक लॉगबुकातली बेरीज बघत नाही, एकेक अट बघतो. त्या अशा:

– प्रशिक्षकाबरोबर क्रॉस-कंट्री (दूरच्या विमानतळापर्यंतचं उड्डाण) ३ तास.
– रात्रीचे ३ तास. त्यात एकूण १०० सागरी मैलांपेक्षा जास्त अंतराची एक क्रॉस-कंट्री आणि पूर्ण थांबलेली १० लँडिंग, तितकीच टेकऑफ.
– केवळ उपकरणांवर उडण्याचे ३ तास.
– एकट्याने क्रॉस-कंट्री ५ तास. त्यात १५० सागरी मैलांची एक लांब फेरी: तीन ठिकाणी पूर्ण थांबून लँडिंग आणि एक टप्पा ५० मैलांहून लांब.
– टॉवर असलेल्या विमानतळावर एकट्याने पूर्ण थांबलेली ३ लँडिंग, प्रत्येकीत सर्किट.
– परीक्षेच्या तयारीचे ३ तास, परीक्षेच्या महिन्याआधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांच्या आत.

चुका कुठे होतात? रात्रीची लँडिंग टच-अँड-गो (टेकून लगेच पुन्हा उडणं) केली की मोजली जात नाहीत. थांबा, टॅक्सी करून परत या. आणि रात्र म्हणजे सूर्यास्त नव्हे. या तासांसाठी रात्र संध्याकाळचा नागरी संधिप्रकाश संपल्यावर सुरू होते. सूर्यास्तानंतर एक तास हा नियम प्रवासी घेऊन जाताना लागतो, त्याची इथे गल्लत करू नका. क्रॉस-कंट्री मोजायची तर निघालेल्या ठिकाणापासून सरळ रेषेत ५० सागरी मैलांपलीकडे लँडिंग हवं. वळणं घेऊन ५५ मैल उडालात आणि विमानतळ ४८ वर असेल तर ती क्रॉस-कंट्री नाही.

लांब फेरीचं एक उदाहरण, कॅलिफोर्नियातलं. लिव्हरमोरहून मर्सेड, तिथून मॉडेस्टो आणि परत लिव्हरमोर. नकाशावर त्रिकोण छान मोठा दिसतो. मोजा: सुमारे ६७, २९ आणि ४१, म्हणजे १३७. तेरा मैल कमी. अख्खा दिवस आणि इंधन वाया. त्याऐवजी लिव्हरमोर, मडेरा, मर्सेड, लिव्हरमोर केलं तर ९२, २६ आणि ६७, म्हणजे १८५. काठावरचा मार्ग आखूच नका, १६५च्या पुढचा आखा. आणि तुमचं जीपीएस किंवा अॅप सागरी मैल दाखवतंय की जमिनीवरचे, हे आधी बघा.

प्रत्येक एकट्या क्रॉस-कंट्रीआधी प्रशिक्षकाने त्या दिवसाची हवा आणि तुमचं नियोजन पाहून सही करायची असते. इंधन पोहोचून दिवसा ३० मिनिटं, रात्री ४५ मिनिटं उरेल इतकं, हे कायद्याचं किमान. शहाण्याने दोन्ही वेळा तासभराचं ठेवावं. काटा न बघता टाकीत मापपट्टी घालून मोजा.

वजनाचा हिशेबही खरा करा, घरी सांगायचं वजन घालू नका. १७२एसची मर्यादा २,५५० पौंड. रिकामं विमान १,६९० धरा, पुढे दोघं १८० आणि १९० पौंडांचे, २० पौंड सामान, पूर्ण टाक्या म्हणजे ५३ गॅलन गुणिले ६, म्हणजे ३१८. बेरीज २,३९८, ठीक. मागे १७० पौंडांचा मित्र बसवला की २,५६८. अठरा पौंड जास्त, म्हणजे तीन गॅलन इंधन कमी भरायचं. ‘चार सीटचं विमान आहे, चौघं बसतील’ या समजाला परीक्षक तोंडी परीक्षेत हमखास हात घालतो.

टप्पा ७: चेकराइड

परीक्षक, म्हणजे डीपीई, मिळायला काही भागांत महिने लागतात. लांब सोलो क्रॉस-कंट्री झाली की लगेच तारीख मागा. फी परीक्षकागणिक बदलते. ती आणि रद्द करण्याच्या अटी फोनवरच विचारून ठेवा.

आठवडाभर आधी प्रशिक्षकाबरोबर बसून ही कामं करा:

१. वरच्या प्रत्येक अटीला लॉगबुकातल्या नोंदीवर रंगीत चिठ्ठी लावा. प्रशिक्षकाची सही, मार्ग, लँडिंगची संख्या तिथल्या तिथे दिसली पाहिजे.

२. आयाक्रावरचा अर्ज भरा, प्रशिक्षकाने त्यावर सही केली का हे स्वतः उघडून बघा.

३. विमानाच्या देखभालीच्या वह्या शाळेकडून मागवा. वार्षिक तपासणी १२ कॅलेंडर महिन्यांच्या आत, भाड्याच्या प्रशिक्षण विमानाला १०० तासांची तपासणी, ट्रान्सपाँडर (रडारला ओळख देणारं यंत्र) २४ महिने, ईएलटी (अपघातात संकेत पाठवणारं यंत्र) १२ महिने. प्रत्येकाच्या पानाला चिठ्ठी.

४. विमानात उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, नोंदणी, पुस्तिका, वजन-समतोलाचा कागद आहेत ना? नोंदणीची मुदत संपलेली असेल तर परीक्षा तिथेच थांबते.

आधी तोंडी, मग उड्डाण. तोंडी परीक्षेत नियम पुस्तकात शोधून दाखवलेला चालतो, पण प्रत्येक प्रश्नाला पुस्तक उघडू नका. हवेत अचूकता ठरलेली आहे: ४५ अंशांचं वळण ५ अंशांच्या आत, उंची १०० फुटांच्या आत, वेग १० नॉटच्या आत. शॉर्ट-फील्ड लँडिंग सांगितलेल्या ठिपक्यावर किंवा त्यापुढे २०० फुटांत; अलीकडे एक फूटही नाही. उंची ११० फुटांनी बिघडली तर लगेच बोलून दाखवा आणि दुरुस्त करा. बहुतेक परीक्षक बिघाड होऊ देणाऱ्यापेक्षा तो लक्षात न येणाऱ्याला नापास करतात.

निकाल तीन प्रकारचा. उत्तीर्ण. हवा बिघडली, विमान बिघडलं तर डिसकंटिन्यूअन्सचं (परीक्षा अर्धवट थांबवल्याचं) पत्र, ज्यात नापासाचा शिक्का नसतो. किंवा नापास, पण ६० दिवसांत परत आलात तर उत्तीर्ण झालेले भाग पुन्हा द्यावे लागत नाहीत. वारा तुमच्या मर्यादेपलीकडे असेल तर ‘आज नको’ म्हणायचा अधिकार तुमचा आहे. तो वापरलेला परीक्षकाला आवडतोच.

परवाना हातात आल्यावर

तात्पुरता कागद १२० दिवस चालतो, प्लॅस्टिकचं कार्ड त्याच्या आत टपालाने येतं. पत्ता बदलला तर ३० दिवसांत एफएएला कळवा. प्रवासी घ्यायचे तर गेल्या ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग हवीत, रात्री न्यायचे तर ती रात्रीची आणि पूर्ण थांबलेली. दर २४ कॅलेंडर महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर फ्लाइट रिव्ह्यू. मित्रांना नेलंत तर भाडं, इंधन आणि विमानतळाचा खर्च वाटून घेता येतो, पण तुमचा वाटा तुम्ही भरायचाच. चौघं असाल तर निदान चौथा हिस्सा.

भाड्याच्या विमानाचा स्वतःचा विमा काढा. शाळेचा विमा बहुधा शाळेचं नुकसान भरतो आणि मग तुमच्याकडे वसुलीला येतो. आणि हा परवाना अमेरिकेत नोंदलेल्या विमानांसाठी आहे. भारतात व्हीटी नोंदणीचं विमान चालवायचं असेल तर डीजीसीएची वेगळी प्रक्रिया करावी लागते, त्यासाठी लॉगबुकाच्या प्रत्येक पानाची स्वच्छ प्रत आजपासूनच काढून ठेवा.